एचआयव्हीचा डगला ओळखणारा थेंब

मित्रांनो, मी एक जुना थेंब आहे. जळगावच्या एका प्रयोगशाळेतल्या फ्रीजरमध्ये, बोटाच्या पेराएवढ्या नळीत मी गोठून बसलेलो असतो. मला पाणी समजू नका हं! माझ्या पोटात कोट्यवधी प्रतिपिंडं आहेत. रोग ओळखायला शरीर जे पहारेकरी तयार करतं, तीच ही प्रतिपिंडं.

माझा जन्म पुण्याचा. एका उंदराच्या अंगातली प्रतिपिंडं बनवणारी पेशी आणि न थकता वाढत राहणारी एक कर्करोगाची पेशी यांची गाठ बांधली गेली. त्या एकाच जोडपेशीचा आमचा सगळा वंश, म्हणून आम्ही एका साच्यातले. आम्हाला एकच खूण कळते, एचआयव्ही विषाणूच्या अंगावरच्या डगल्यातल्या एका प्रथिनाची. ते दिसलं की आम्ही घट्ट धरतो. बाकी जगाच्या बाबतीत आम्ही ठार अडाणी! त्या उंदराला कुणी नाव ठेवलं नव्हतं, पण मला त्याची आठवण येते.

एका कुपीत बसून, बर्फाच्या डब्यातून, चाळीसगावमार्गे मी जळगावला आलो. डबा उघडला नूतनताईंनी. त्या धरणगावहून रोज ये-जा करून पीएच.डी. करत होत्या. विषाणूला हातही न लावता त्यांनी त्याच्या डगल्याचं ते प्रथिन तेवढं तयार केलं होतं. ते अस्सल उतरलं आहे का, याची साक्ष मी द्यायची होती. साक्ष पटली की खड्ड्यांच्या तबकडीत पिवळा रंग येतो. तीनदा सारखा रंग आला, तरच त्यांचा प्रबंध पुढे जाणार होता.

पहिल्याच दिवशी मी असा झकास रंग दिला, की त्यांचे मार्गदर्शक प्रेमराज सर म्हणाले, "वा! पण याला जपा. पुण्याचा फ्रीजर बिघडून तिथल्या मूळ पेशी मेल्या आहेत. दुसरा मिळायचा नाही."

मी फुशारलो. ताई मात्र घाबरल्या. मला छोट्या नळ्यांत वाटून ठेवायचं, हा नियम त्यांना ठाऊक होता. पण वाटताना नळीच्या कडेला टिपूसभर लागून वाया जाईल, म्हणून त्यांचा हात धजेना. रोज तीच कुपी काढायची, वितळवायची, थोडं घ्यायचं, पुन्हा गोठवायचं. प्रत्येक वेळी माझ्यातली काही प्रतिपिंडं एकमेकांना चिकटून निकामी होत. रंग फिका पडत चालला. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण थेंबाला तोंड कुठलं? ताई आपल्याच प्रथिनाला दोष देत राहिल्या आणि मे महिन्यातल्या एका दुपारी टेबलावर डोकं ठेवून रडल्या.

काचसामान धुणाऱ्या लताबाई धुळ्याकडच्या. त्या हात पुसत जवळ आल्या. "काय व्हयनं वं माय?"

"अक्का, माझी दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली. रंगच येत नाही."

"रोज हाईच कुपी काढस का तू?"

"हो. एकच तर आहे."

"मंग ते नासीच ना! लोणचानी मोठी बरणी आम्ही रोज उघाडतस का? आठ दिनपुरतं धाकली बरणीमा काढी लेतस. मोठीले हात लावानाच नही."

ताई ओल्या डोळ्यांनी हसल्या. त्याच दुपारी त्यांनी मला चार छोट्या नळ्यांत वाटलं. टिपूसभर वाया गेलंच, पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही. माझी ताकद घटली होती, म्हणून प्रत्येक प्रयोगाला त्यांनी एक अख्खी नळी वापरली. पहिल्या दिवशी रंग पिवळा आला. दुसऱ्या दिवशी तेवढाच, तिसऱ्या दिवशीही तेवढाच. शेजारचे, प्रथिन न घातलेले कोरे खड्डे अगदी स्वच्छ राहिले. प्रथिन अस्सल होतं! ताईंनी तबकडी आधी सरांना नाही, लताबाईंना दाखवली.

"हयदसारखं दिखस," त्या हळदपिवळ्या रंगाकडे बघत त्या म्हणाल्या आणि काचा धुवायला निघून गेल्या.

आता उरलेली चौथी नळी म्हणजे मी. माझ्यावर ताईंच्या अक्षरात लिहिलं आहे, 'शेवटची. एकदाच उघडा.' ताई डॉक्टरेट मिळवून इथून गेल्या. उद्या तुमच्यापैकीच कुणीतरी मला उघडेल. त्या दिवशी मी संपेन, याचं मला दुःख नाही, त्यासाठीच मी जन्मलो. फक्त मित्रांनो, आधी सगळी तयारी करा आणि मगच मला हातात घ्या. वाट पाहायची मला सवय आहे. एकदा वितळून पुन्हा गोठायची ताकद मात्र आता उरलेली नाही.