आधी जागा, मग नंबर

इनाबा सोइची माणूस वाईट नव्हता, फक्त तो नेहमी बरोबर असायचा, आणि तेही सलग नऊ वर्षं. प्रोग्रामर लोकांसाठी त्यानं एक छोटी लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, लिहून फुकट वाटली होती. देशोदेशीचे हजारो जण ती वापरत. यादीतल्या नोंदींची नावं बदलून देणारं एक फंक्शन तिच्यात होतं. नोंदीला नाव असतं आणि नावापुढे मजकूर. नावंच बदलायची म्हटल्यावर कुणीही धरून चालेल, की फंक्शन आपल्या हाती आधी नाव देईल. सोइचीचं फंक्शन आधी मजकूर द्यायचं, मग नाव, कारण लायब्ररीतली बाकीची सगळी फंक्शनं तसंच करायची. लोक फसायचे आणि तक्रार करायचे. हा उत्तर द्यायचा, "डॉक्युमेंटेशन वाचा." कुणी क्रम बदला म्हणालं तर, "आता बदललं तर आधीच्यांचं सगळं मोडेल." दोन्ही उत्तरं खरी होती, त्यामुळे त्याच्याशी भांडताही येत नसे.

जुलैत नदी सोइचीच्या गावात शिरली. पाणी ओसरल्यावर लोकांनी चिखलातून एकमेकांचे फोटो वेचून सभागृहात आणून टाकले. पोस्टातून निवृत्त झालेल्या नोझुएबाई तिथं मुकादम झाल्या. फोटो कोमट पाण्यात धुवायचा, दोरीवर चिमट्यानं वाळत घालायचा, पाठीवर नंबर टाकायचा आणि कुठं सापडला ते चिठ्ठीवर लिहायचं. चिखलातले जंतू फोटोतली माणसं खातात. चेहऱ्यांच्या जागी पांढरे डाग उरतात. अशा फोटोची ओळख एकच, तो सापडला ती जागा.

सहा हजार चिठ्ठ्या सोइचीनं स्वतः कॉम्प्युटरवर चढवल्या. नाव म्हणून नंबर, मजकूर म्हणून जागा. मग फोटो अल्बमांत लावताना नोझुएबाईंना प्रत्येक नंबराआधी अल्बमचं अक्षर हवं झालं.

"दोन मिनिटांचं काम आहे," सोइची म्हणाला.

त्यानं आपलंच फंक्शन घेतलं, एक ओळ लिहिली, आणि हाती आधी येईल तो नंबर असं धरून चालला. आली जागा. अक्षर जागेला लागलं. एका जागेच्या सगळ्या नोंदींचं नाव एकच झालं, त्या एकमेकींवर पडत गेल्या, आणि नंबर कुठंच उरला नाही. सहा हजार ओळींच्या अठ्ठ्याऐंशी झाल्या. कॉम्प्युटरनं हूं की चूं केलं नाही. यानंही उघडून पाहिलं नाही, जुन्याच फाइलवर सेव्ह केलं.

"चिठ्ठ्यांना बुरशी लागलीय रे, काय करू?" नोझुएबाईंनी विचारलं.

"द्या टाकून. सगळं आत आहे."

मंगळवार जळाऊ कचऱ्याचा. सकाळी आठच्या आत अकरा पिशव्या कोपऱ्यावर नेऊन ठेवल्या, त्याही नियमाप्रमाणे वर सभागृहाचं नाव घालून. फाइलच्या जुन्या प्रती तीस दिवस राहतात, मग आपोआप पुसल्या जातात. फोटो परत देण्याचा दिवस थेट नोव्हेंबरात होता.

त्या दिवशी दुपारी हिराओका तोमे आली, वय एक्याऐंशी. तिच्या घराची एक भिंत कपाटासकट वाहत सफरचंदांच्या बागेत गेली होती. त्या कपाटात मियोकोचे सगळे फोटो होते. मियोको तिची लेक, सहाव्या वर्षीच वारलेली.

"चेहरा नसला तरी चालेल," ती म्हणाली. "ही तीच, एवढं कळलं तरी पुरे."

"बागेतले दोनशेच्या वर आहेत, मीच धुतलेत," नोझुएबाई म्हणाल्या. "सोइची, काढ रे नंबर."

सोइचीनं फाइल उघडली. असल्या फाइली लोकांच्या तक्रारींत त्यानं शेकड्यांनी पाहिल्या होत्या.

"नंबर गेले," तो म्हणाला. "आधी नंबर येईल असं मी धरलं."

"ते तुझंच आहे ना, तूच लिहिलेलं?"

"माझंच."

"मग एकदा वाचून नाही का बघायचं?"

बाईंना टोमणा मारायचा नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. सोइचीला लाजेनं मान वर करवेना.

चेहरे नसलेले नऊशे फोटो चार अल्बमांत होते. तोमे दोन तास पानं उलटत बसली. एका फोटोवर थांबली. बर्फ, वर पांढरा डाग, खाली छोटे लाल बूट.

"मियोकोचे लालच होते."

"त्या वर्षी सगळ्याच पोरींचे लाल होते, तोमेसान," नोझुएबाई हळूच म्हणाल्या. "दुकानात एकच रंग आला होता. माझेसुद्धा."

"घेऊन जा, आजी," सोइची म्हणाला. "तुमचाच आहे."

"बागेतला आहे?"

हो म्हटलं तरी ते खोटं पाडायला आता जगात काहीच शिल्लक नव्हतं.

"हो."

तोमेनं त्याच्याकडे पाहिलं. "नक्की?"

त्यानं नजर उघड्या फाइलकडे वळवली. तिनं फोटो पुन्हा अल्बमच्या पाकिटात सरकवला आणि वरून हात फिरवला.

"मी नेऊन देव्हाऱ्यात ठेवायची, आणि कुणाची तरी आई इथं शोधत बसायची," ती म्हणाली. मग उठली आणि आमच्यासाठी एवढे कष्ट घेतलेत म्हणून कमरेत वाकून तिनं दोघांचे आभार मानले.