सगळ्यात मोठी अक्षरं

हिस्ट्रीच्या प्रोजेक्टला ए मिळाल्यापासून मी घरात नुसती नाचत होते. विषय होता चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीचे प्रोटेस्टंट लोकांचे छापील कागद. एकाच पानाचे, घरात भिंतीला लावायचे. देवाच्या आज्ञा जाड, काळ्या, टोकदार अक्षरांत, कारण साध्या माणसांना तीच वाचायची सवय होती. विद्वानांच्या टिपा कडेला, बारीक. कोण मोठं हे कागदाकडे लांबून बघूनच कळायचं, असं मी लिहिलं होतं. मिसनं ते वर्गात वाचून दाखवलं.

म्हणूनच बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या जयंतीचं पत्रक लिहायचं काम मी मागून घेतलं. कॉव्हेंट्रीतल्या आमच्या कमिटीच्या पत्रकात दरवर्षी अध्यक्षांचं नाव केवढंच्या केवढं, बाकी सगळ्या मुंग्या. मी बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांतली समतेची प्रतिज्ञा मधोमध लिहिली, जाड निबानं, अर्धं पान भरून. कमिटी तळाला, एका ओळीत.

शेजारच्या रंभाआजी साठीनंतर अक्षरं शिकल्या होत्या. त्यांना म्हटलं, "आजी, प्रतिज्ञा एवढी मोठी लिहिलीय की चष्मासुद्धा लागायचा नाही."

"मग माझी मी वाचीन बाई. आजवर दुसऱ्याच्याच तोंडून ऐकली."

अध्यक्ष यादवरावकाका पत्रक बघायला घरी आले. "आर्ट छान आहे गं. पण कार्यक्रम कुणाचा, ते लोकांना कळायला नको?"

"बाबासाहेबांचा, काका."

"ते तर आहेच." मग पप्पांकडे वळून, "उदय, तू बघ जरा."

पप्पा प्रिंटशॉपमध्ये आहेत. 'बघतो' म्हणाले. मला वाटलं, माझ्या बाजूनं.

जयंतीला हॉलमध्ये प्रत्येक खुर्चीवर पत्रक होतं. मधोमध जाड, काळ्या अक्षरांत काकांचं नाव. माझी प्रतिज्ञा फोटोकॉपीवर लहान करून तळाला, कमिटीच्याही खाली. चिकटवलेल्या पट्टीची करडी रेघसुद्धा छापून आली होती.

"पप्पा, तुम्ही केलंत हे?"

"शिल्पा, मला इथं नोकरीला काकांनी लावलं. आणि प्रतिज्ञा काढलेली नाही ना? आहे की खाली."

बावीस प्रतिज्ञा पप्पांना पाठ आहेत. ही पण.

पहिल्या रांगेत रंभाआजी बसल्या होत्या, बिनचष्म्याच्या. मीच सांगितलं होतं ना. त्यांनी पत्रक उचललं, वाचायच्या आधीच त्या मोठ्या काळ्या ओळीवरून हात फिरवला आणि डोळे मिटून कागद कपाळाला लावला.

काका समोरच उभे होते. त्यांनी बघितलं. कुणी वाकून पाया पडलं की म्हणतात ना, तसं म्हणाले, "असू द्या, असू द्या."

आजींनी मला जवळ ओढलं. "हीच ना गं तुझी अक्षरं?"

"नाही आजी," मी काकांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हे काकांचं नाव आहे."

काका माइककडे गेले. पप्पा खुर्च्या सरळ करायला लागले.

"अगंबाई," आजी म्हणाल्या. "मग आपली प्रतिज्ञा कुठाय?"

मी त्यांचं बोट धरून खाली नेलं, पार कागदाच्या काठापर्यंत. त्यांनी कागद नाकाजवळ धरला, मग लांब धरला.

"इथं काही दिसत नाही गं," त्या म्हणाल्या.