माणसं नाही निघाली?

"बाबा, हात पुसा आणि इथे बसा. आज ठरवूनच टाकू," लेक म्हणाली.

त्याने नळ बंद केला. दिवसभर लोकांचे बिघडलेले फ्रीज उघडून बसणारा माणूस तो. हाताचा तेलकट वास साबणाने जात नसे, म्हणून तो उगाच जास्त वेळ हात धूत राही. आज तर त्याला टेबलापर्यंत पोचायचंच नव्हतं.

टेबलावर लॅपटॉप उघडा होता. शेजारी लेक बसली होती, पोटावर एक हात ठेवून. सातवा महिना होता तिचा. वाढदिवसाला तिनेच त्याला डीएनए तपासणीची डबी आणून दिली होती. "बापाला वाढदिवसाला थुंकायला लावणारी पहिलीच लेक असशील," असं तो म्हणाला होता, पण नळीत थुंकला होता. त्या कंपनीने रंगीत नकाशा पाठवला, तुमचे पूर्वज साधारण या भागातले असं सांगितलं आणि हात झटकले. बाकी राहिली ती एक भलीमोठी फाईल. नुसती अक्षरं आणि आकडे.

"हे म्हणजे न निवडलेल्या धान्याचं पोतं आहे," लेक समजावत होती. "कुठल्या चाळणीने चाळायचं ते आपण ठरवायचं. ही पहिली साइट आजारांची. अंगात काय दडलंय ते सांगते, आणि काम झालं की फाईल पुसून टाकता येते. दुसरी नातेवाइकांची. जगभरातल्या लोकांनी आपापल्या फायली तिथे टाकल्यात. रक्त जुळलं की नाव समोर येतं."

"आणि ही तिसरी?"

"तिच्या अटी वाचल्या मी. आपली फाईल ते कुणालाही देणार म्हणे. तिला दारातूनच परत पाठवलं."

तो हसला. मग त्याची नजर आतल्या खोलीच्या अर्धवट उघड्या दाराकडे गेली. आत त्याची आई मटार सोलत होती. दाण्यांचा भांड्यात पडण्याचा आवाज मघाशी येत होता, आता थांबला होता.

आईने त्याला दत्तक आणलं तेव्हा तो काही आठवड्यांचा होता. ही गोष्ट घरात कधी लपवली नव्हती आणि कधी उकरलीही नव्हती. ज्या संस्थेतून आणला ती केव्हाच बंद पडली होती. वडील गेले, आई थकली, तरी त्याच्या घरी यायच्या वेळेला ती खिडकीत असे. उशीर झाला तर पन्नाशी उलटलेल्या माणसाला बोलणी बसत.

"दुसरी टाकू या का?" लेकीने आवाज खाली आणला. "बाबा, कुणीतरी असेल तुमचं."

"माझं सगळं इथेच आहे," तो म्हणाला. जरा मोठ्यानेच म्हणाला, दाराला ऐकू जाईल असं. "पहिली टाक. तुझे डॉक्टर विचारतात ना, घराण्यात काय आजार आहेत म्हणून? बाळाच्या कामी येईल."

"दोन्ही टाकता येतात."

"एक पुरे."

लेकीने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि पहिल्या साइटवर फाईल चढवली. आतून मटारांचा आवाज पुन्हा सुरू झाला. त्याला हायसं वाटलं.

अहवाल आला त्यात धास्ती घेण्यासारखं काही नव्हतं. संध्याकाळी आईने विचारलं, "काय निघालं रे त्या थुंकीतून?"

"दूध पचत नाही म्हणे मला."

"एवढ्यासाठी यंत्र लागलं? मला विचारायचं! पहिले दोन महिने घर डोक्यावर घेतलं होतंस." ती हसली. मग पदर नीट करत म्हणाली, "आणि माणसं? माणसं नाही निघाली?"

"कुणी नाही."

"हं," आई म्हणाली.

तो 'हं' सुटकेचा आहे असं तो धरून चालला. शोधलंच नाही, हे सांगायची गरज त्याला वाटली नाही. म्हातारीच्या जिवाला कशाला घोर?

नात झाली. घरात दिवसरात्र तिचंच राज्य. आई तिला मांडीवर घेऊन जुनी गाणी चुकीच्या चालीत म्हणायची. फाईल, साइट सगळं मागे पडलं. नात भिंत धरून उभी राहू लागली तेव्हा आईच्या छातीत पाणी झालं आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं.

एका दुपारी तो तिच्या पायांना तेल चोळत बसला होता. बाजूच्या खाटेवरची बाई झोपली होती. आई बराच वेळ छताकडे बघत होती.

"तिला सांगायचं राहिलं बघ," ती एकदम म्हणाली.

"कुणाला?"

"जिनं तुला दिलं तिला. तुला माझ्या हातात ठेवलं ना, तेव्हा तुझ्या डोक्यावर भांग पाडलेला होता. इतकुसं डोकं, चार केस, पण नीट ओल्या हाताने भांग. संस्थेतल्या बायांना कुठला एवढा वेळ? त्या म्हणाल्या, आईनंच पाडला, सकाळी जाताना. अशी बाई मूल सुखासुखी देत नाही रे. तिला एकदा सांगायचं होतं, पोरगं बरं आहे म्हणून."

त्याचा हात तिच्या घोट्यावर थांबला. "मग आधी का नाही बोललीस?"

"मी कशी बोलणार? म्हटलं असतंस, म्हातारीला आता जड झालो, म्हणून दुसऱ्या दारी धाडतेय. तू शोधशील अशी वाट बघितली. तर तू म्हणालास, कुणी निघालं नाही."

आपण शोधलंच नव्हतं, हे सांगावं असं दोनदा ओठावर आलं. पण तिला धाप लागली होती, म्हणून त्याने उशी वर केली, पाणी पाजलं. आईला परत घरी आणता आलं नाही.

आईचं तेरावं झाल्यावर तो स्वतःच लॅपटॉप घेऊन लेकीसमोर बसला. "ती दुसरी चाळणी," एवढंच म्हणाला.

निकाल यायला थोडे दिवस लागले. लेकीने पान उघडलं आणि तिचा हात तोंडाशी गेला. पहिल्याच ओळीत, एका अनोळखी नावापुढे लिहिलं होतं: नातं, आई.

त्याने दोन बोटांनी निरोप लिहिला. तीन वेळा खोडला. शेवटी राहिलं ते एवढंच: 'नमस्कार. मी बरा आहे. तुम्ही कशा आहात?'

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. फक्त फोन नंबर होता. त्याने लावला.

"मी तिची मुलगी," पलीकडून एक भरड आवाज आला. मागे गाड्यांचे भोंगे वाजत होते. "म्हणजे तुमची बहीण लागते. आई एक, वडील वेगळे. आई गेली हो. उन्हाळ्यात, चालताबोलता गेली."

उन्हाळ्यात. नात तेव्हा रांगायला लागली होती. म्हणजे त्या संध्याकाळी टेबलाशी बसून त्याने 'एक पुरे' म्हटलं, तेव्हा ती होती. चांगली हिंडतीफिरती होती. आणि ही, वाढवणारी, आतल्या खोलीत मटार सोलत होती. दोघीही होत्या.

लेक रडायला लागली. "मीच जोर करायला हवा होता."

"तू विचारलं होतंस," तो म्हणाला. "नाही मी म्हटलं."

बहीण बस चालवायची. सुट्टीच्या दिवशी तिने त्याला आईच्या खोलीवर बोलावलं. भाड्याची खोली होती, तिसऱ्या मजल्यावर, आणि ती आता सोडायची होती. दार उघडल्यावर दोघंही थोडा वेळ उंबऱ्याच्या अल्याड-पल्याड उभी राहिली. काय करायचं असतं ते दोघांनाही माहीत नव्हतं.

"आत या ना," ती म्हणाली. मग स्वतःवरच वैतागून, "छे, 'या' काय! आत ये."

खोली जवळजवळ रिकामी झाली होती. भांडी शेजाऱ्यांना दिली होती. तिने दोन पेल्यांत चहा केला, त्याच्यासाठी बिनदुधाचा. फोनवर त्याने ते एकदाच सांगितलं होतं.

"आमची आई रडणारी नव्हती," ती म्हणाली. "शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेला तिचा. तुझं मला सांगितलं तेसुद्धा म्हातारपणी, भाजी चिरता चिरता. मीच तिची फाईल चढवून दिली. मग दर सुट्टीला मला बसवायची, बघ म्हणायची, कुणी आलं का. नाही म्हटलं की उठून कामाला लागायची."

"काय विचारायचं होतं तिला?"

"फार काही नाही. म्हणायची, त्याला कुणी ओरडत तर नसेल ना?"

त्याला हसू फुटलं. "ओरडायची तर! रोज. परवा परवापर्यंत. डबा अर्धा आणला की, घरी उशिरा आलो की..."

बहीणही हसली. हसता हसता तिने मान दुसरीकडे वळवली. नंतर त्याने तिला आपल्या आईबद्दल सांगितलं, पुष्कळ सांगितलं. ती मधे मधे विचारत राहिली. चहा निवून गेला.

"एक काम करशील?" शेवटी ती म्हणाली. "गादी तेवढी राहिलीय. एकटीने उतरत नाही."

गादी कापसाची, जुनी होती. भिंतीकडच्या बाजूला तिला खोलगट आकार आला होता, एका किरकोळ बाईच्या अंगाचा. त्याने त्या बाजूला हात घातला. बहीण पुढे, तो मागे, अशी दोघं जिना उतरू लागली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गादी अडली. तिथे एक म्हातारे शेजारी भाजीची पिशवी घेऊन वर येत होते. ते भिंतीला चिकटून उभे राहिले.

"हे कोण?" त्यांनी बहिणीला विचारलं.

"भाऊ माझा. मोठा."

"असं होय? इतकी वर्षं राहतो मी इथे. कधी दिसले नाहीत."

त्याने गादी छातीशी घट्ट धरली होती. म्हाताऱ्यांकडे बघून त्याने मान लववली.

"यायला जमलं नाही," तो म्हणाला.

"तुझ्या डाव्या हाताला कठडा आहे, सांभाळ," खालून बहीण म्हणाली. त्याने आपली बाजू थोडी उचलली, गादी वळणातून सुटली, आणि दोघं एकेक पायरी उतरू लागली.