अर्मासबाबांचे न टिपलेले मौन

जे ऐकू येते तेवढेच बोलणे, असे मानणाऱ्याच्या हातून नकळत अन्याय घडतो. त्यामागे दुष्टावा नसतो. बहुधा काटकसर असते, आणि कौशल्यही.

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, तळहातावर मावणारा. दूर उत्तरेकडच्या थंड मुलखातील औलू नगरीत सिर्का नावाची पत्रकार नव्या यंत्रांविषयी वृत्तपत्रात लिहीत असे. मी परीक्षणासाठी तिच्याकडे आलो आणि तिचाच झालो. कोणी बोलू लागले की माझी फीत फिरे. बोलणे थांबले की आपोआप थांबे. "हे यंत्र शांततेवर फीत वाया घालवत नाही," असे तिने कौतुकाने लिहिले. ते वाक्य मी अलंकारासारखे मिरवले.

तिच्या खिशात बसून मी कारखाने आणि प्रयोगशाळा पाहिल्या. पुढे ती तंत्रज्ञानविषयक मासिकाची संपादक झाली. इतरांच्या लेखांतील फापटपसारा ती निष्ठेने छाटीत असे.

तिचे वडील, अर्मासबाबा, यांनी जन्मभर खांबांवर चढून टेलिफोनच्या तारा दुरुस्त केल्या होत्या. तिने त्यांची मुलाखत घ्यायचे ठरवले, तेव्हा तिचा सहकारी पेंटी हसला.

"बाबांची मुलाखत? मग फीत कशाला नेतेस? रिकामी डबी ने!"

"गप रे! दोन वाक्यं तरी बोलतीलच."

स्वयंपाकघरात बाबा तारांविषयी थोडे बोलले. मग सिर्काने हळूच विचारले, "बाबा, आई गेल्यापासून एकटं वाटतं का हो?"

"कॉफी पी, पोरी. निवतेय."

मला एवढेच ऐकू आले.

कालांतराने फितीवाचून चालणारी यंत्रे आली. त्यांची स्तुतीही सिर्कानेच लिहिली, आणि मी खणात वायरींच्या गुंत्यात पडून राहिलो. नदीवरचा बर्फ फुटण्याच्या सुमारास बाबा गेले. तेव्हा तिने मला बाहेर काढले. पेंटी सोबतीला आला होता. तिने बाबांच्या मुलाखतीची फीत लावली. तो प्रश्न वाजला, आणि लगेच उत्तर.

"म्हातारा प्रश्नातून सटकला की गं!" पेंटी म्हणाला. "विषयच उडवला!"

सिर्काचा चेहरा उतरला. "नाही रे. ते कितीतरी वेळ खिडकीतून नदीकडे बघत होते. माझ्या हातावर हात ठेवून. कॉफी खरंच निवली होती. तेच तर उत्तर होतं… आणि ते यात नाहीच."

मित्रांनो, त्या मौनात मी निद्रिस्त होतो. माझ्या ज्या गुणाची स्तुती झाली, त्यानेच बाबांना गाळले होते.

पेंटीने मान खाली घातली. "पुन्हा लाव," एवढेच तो म्हणाला.

तिने प्रश्न वाजवला, आणि आपल्या अंगठ्याने मला थांबवले. दोघे खिडकीबाहेर पाहत राहिले. समोरची कॉफी निवून गेली. मग अंगठा उचलला गेला.

"कॉफी पी, पोरी. निवतेय."

घरातल्या अबोल माणसाजवळ बसाल तेव्हा घाई करू नका, मित्रांनो. त्याचे उत्तर चालू असते.

अर्मासबाबांना शांती लाभो. आणि सिर्काच्या अंगठ्याला, दर वेळी तेवढे थांबण्याचे बळ मिळो.