यानातली पोती जातात कुठं?

दुष्काळाच्या त्या साली मिरजगावाबाहेर खडी फोडायला बसलेल्या बायांना दोनच गोष्टींची ओढ होती. एक दुपारी सरकारकडून वाटली जाणारी सुकडी, म्हणजे गोडसर भाजकं पीठ, दुसरी छबूबाईची गोष्ट. छबूबाईच्या दिराकडे रेडिओ होता. त्यावर दर गुरुवारी संध्याकाळी चंद्राकडे निघालेल्या यानाचं नाटक लागायचं, आणि शुक्रवारी हातोडी चालवत छबूबाई ते सगळ्यांना सांगायची.

नाटकाचं मात्र काही खरं नव्हतं. एका आठवड्याला असं रंगायचं की हातातली हातोडी हातातच राहायची, पुढच्या आठवड्याला नुसतं पांचट ताक.

"लिवनारा एकच हाय का दोघं?" रतनबाई कुरकुरायची. "आता ह्यो यानातला कोठीवाला बघा. समद्यांच्या वाटचं धान्य चोरतो. पर यान चाललंय आभाळातनं. तितं ना बाजार, ना सोयरा. मग पोती जातात कुठं?"

"लिवनाऱ्यालाच ठावं न्हाई," मनकर्णा म्हणायची.

हे ऐकलं की मुकादम सहादेव दचकून आजूबाजूला बघायचा. सुकडी वाटायचं काम त्याच्याकडे होतं. चारा कुठं मिळेना, म्हणून दर आठवड्याला एक पोतं तो गुपचूप घरी न्यायचा आणि म्हशीला घालायचा. बायांच्या ओंजळीत तेवढी कमी पडायची. काम तपासायला येणाऱ्या साहेबाला कळलं असतं तर मुकादमी त्याच दिवशी गेली असती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. कुणीतरी रेडिओवाल्यांना आपली चुगली कळवली, असं त्याच्या डोक्यात बसलं. पोस्टाच्या पेटीजवळ कुणी दिसलं की हा डोळे बारीक करून बघायचा. पोस्टमन नुसता हसला तरी इथं काहीतरी पाणी मुरतंय असं त्याला वाटायचं.

शेवटी न राहवून एका गुरुवारी तो पंचायतीच्या रेडिओपुढं जाऊन बसला. अर्धा तास दोन शास्त्रज्ञ हवेच्या दाबावर बोलत राहिले. कोठीवाला काही आला नाही. खरं तर सहादेवला बरं वाटायला हवं होतं, पण त्याचा संशय उलट दुणावला.

दुसऱ्या दिवशी तो खडीच्या ढिगाशी येऊन उभा राहिला. "छबूबाई, रेडिओत कोठीवाला न्हाईच. तू पदरचं घालतीस."

"तुमी एकच भाग ऐकलाय, मुकादम," मान वर न करता छबूबाई म्हणाली. "ह्ये नाटक असंच हाय. एक भाग धड, एक भाग रड."

"मुकादम, तुमी शिकलेले," रतनबाई म्हणाली. "पोती जातात कुठं तेवढं सांगा. त्याच्यापायी समदं नाटक खोटं वाटतंय."

"आभाळात फेकत आसंल," मनकर्णा हसली. "असला येडा चोर मी तर बगितला न्हाई."

सगळ्या बाया हसल्या. सहादेवला ते फार लागलं. काय वाटेल ते म्हणा, पण येडा?

"येडा कशापायी?" तो उसळला. "दावनीला म्हस उपाशी हंबरत आसंल तर मानूस काय करंल? तिलाच घालनार की."

हातोड्या थांबल्या. छबूबाईनं आता कुठं मान वर केली.

"यानात म्हस न्हाई, मुकादम."

सहादेव दोन पावलं मागं सरला. रतनबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि लुगड्यावरची भुकटी झटकली.

"चला गं," ती म्हणाली. "साहेबाची जीप फाट्यावर उभी हाय. पोती कुठं जातात ते त्येलाबी कळू दे."