तीन चुलींचे एक धुराडे

मी एक जुने धुराडे आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, इंदरगंजाच्या मागच्या गल्लीत, तीन घरांच्या स्वयंपाकघरांच्या भिंती जिथे एकमेकींना टेकतात, तिथे मी उभे आहे. मित्रांनो, धुराड्याला काय आयुष्य असणार, असे तुम्हाला वाटेल. पण मी जे पाहिले, त्याने आजही माझ्या विटा हादरतात.

संस्थान विलीन होऊन मध्य भारत हे राज्य नवे नवे झाले होते, तेव्हाचा माझा जन्म. दुर्गाबाई नावाची एक बाई ग्रामोद्योगाच्या शिबिरात बिनधुराची चूल बांधायला शिकून आली होती. सरपण महाग, जंगल दरवर्षी मागे हटत चाललेले आणि बायकांचे डोळे धुराने लाल. तिने सुचवले, तीन चुली आणि धुराडे एकच!

पहिल्या घरचे, सचिवालयातले तात्यासाहेब दचकले. शेजारी सुभेदारांकडे मटण शिजायचे. तो धूर आपल्या सोवळ्याच्या चुलीत आला तर?

"तात्यासाहेब, धूर सीधा वर जातो. बाजूच्या चुलीत डोकावायला त्याला फुरसत नाही," दुर्गाबाई म्हणाली. तिसऱ्या घरच्या शांताताई शाळेत शिकवत. त्या इतक्या हसल्या की तात्यासाहेबांनाही हसू आले. माझे तोंड त्यांच्याच गच्चीवर निघाले.

मग माझे भाग्य उजळले. सरपण निम्म्यावर आले. सराफ्यापासून बायका मला बघायला येत. दुर्गाबाईची अट एकच होती. ज्या घरी नवी चूल बसेल, त्या घरच्या बाईने पुढच्या घरी माती कालवायला जायचे. अशी चुलीला चूल जुळत गेली आणि मी सगळ्यांत थोरले म्हणून जरा शेफारलेसुद्धा.

आणखी एक रीत होती. मला कोणी हात लावणार असेल, तर आधी भिंतीपलीकडे हाक मारून सांगायचे.

मग राज्यांची पुनर्रचना झाली. राजधानी ग्वाल्हेरहून भोपाळला गेली! मला धक्काच बसला. माणसांची बदली होते हे ठाऊक होते; राजधानीचीही होते? गल्लीत ट्रंका बांधल्या जाऊ लागल्या. तात्यासाहेबही कुटुंबासह निघाले. निघण्याच्या गडबडीत ते गच्चीवर आले आणि बंद घरात पारवे शिरू नयेत म्हणून त्यांनी माझ्या तोंडावर एक जड फरशी ठेवली. वरून दोनदा दाबून पाहिली. कुलूप लावले आणि टांग्यात बसले. हाक मारायची राहूनच गेली.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी दुसऱ्या दिवशी पहाटे सोसला. सुभेदारांच्या घरी त्यांची लेक सुनंदा बाळंतपणाला आली होती. बाळ जेमतेम बारशाचे. सुनंदाच्या आईने, मंदाताईंनी, लेकीच्या न्हाण्यासाठी चूल पेटवली, हंडा चढवला आणि त्या अंगणातल्या नळावर गेल्या. बाळंतिणीची खोली चुलीला लागूनच. वारा लागू नये म्हणून बाहेरचे दार घट्ट लावलेले.

धूर वर आला आणि फरशीला थडकून परत फिरला. अरे, इकडे नाही, इकडे नाही! माझी बोबडीच वळली. तो माझ्या पोटातून खाली उतरत होता. खाली आधी बाळ ठसकत होते, मग तेही ऐकू येईना.

मला त्या पापातून वाचवले ते शांताताईंच्या चुलीने. तीही उलटा धूर ओकू लागली. पलीकडे बाळंतीण आहे हे आठवून शांताताई तशाच सुभेदारांकडे धावल्या, खोलीचे दार ढकलले आणि आधी बाळाला, मग सुनंदाला ओढत अंगणात आणले. बाळ निळे पडले होते. किती वेळ ते गप्प होते कोण जाणे. मग ते रडले आणि मंदाताईंनी त्याला छातीशी धरले.

दुर्गाबाईने शेजारच्या गच्चीवरून चढून फरशी काढली. पण बातमी लष्करभर पसरली. 'बिनधुराच्या चुली जीव घेतात!' घरोघरी पहारी निघाल्या, चुली फुटू लागल्या. एवढ्या वर्षांची जोडणी अशी मोडताना पाहून मी सुन्न झाले.

महिन्याभराने तात्यासाहेब उरलेले सामान न्यायला आले. बाळासाठी चांदीचे वाळे आणले होते. हसत म्हणाले, "मंदाताई, कबूतर तर नाही ना घुसले? जाताना फरशी ठेवून गेलो होतो, एकदम पक्की!"

सुनंदा बाळाला घेऊन पुढे झाली.

"काका, आधी बाळाला मांडीवर घ्या, मग सांगते," सुनंदा म्हणाली.

तिने सांगितले. वाळे बाळाच्या पायात घालायला ते धजेनात. शेवटी ते सुनंदानेच घातले. त्यांनी गच्चीची किल्ली मंदाताईंपुढे ठेवली आणि ते बाहेर पडले. ज्यांचा उंबरा ते कधी चढले नव्हते, अशा घरांची दारे त्यांनी ठोठावली. "चूक माझी आहे, चुलीची नाही," एवढेच ते सांगत. काही बायकांनी चुली पुन्हा बांधल्या. काहींनी त्यांच्या तोंडावर दार लावले.

मित्रांनो, आता घरोघरी गॅस आहे आणि मी थंड पडले आहे. तुमच्या गच्च्यांवर उन्हाची वीज आली आहे, एकाच तारेवर कितीतरी घरे जोडली आहेत. फार छान. फक्त एक करा. घर सोडून निघताना काही बंद कराल, झाकाल, तर आधी शेजारचे दार वाजवा. आत कदाचित एखादे बाळ झोपलेले असेल.