दयारामची साक्ष

रामकृष्ण ठवकर रायपूरजवळ उरला इथल्या एका लोखंडाच्या कारखान्यात सहा वर्षं भट्टीवर होता. भंगार वितळवायची विजेची भट्टी. तिच्यात गठ्ठे सोडायचे, वर येणारी मळी लांब दांड्याने ओढून काढायची, हे त्याचं काम. मूळचा गोंदियाकडचा, लग्नानंतर शेजारच्या बिरगावात दोन खोल्या घेऊन राहिला. बायको इंदू दहावीपर्यंत शिकलेली, मुलगी गंधाली तेव्हा सातवीत. राज्य नवीन झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं आणि जिकडेतिकडे इमारती उभ्या राहत होत्या. सळई पुरत नव्हती. त्यामुळे भट्टी कधी थंड होऊ देत नसत.

मार्चचा महिना होता, दुपारचे साडेतीन. भंगाराच्या एका गठ्ठ्यात दोन्ही टोकं बंद असलेली नळी होती आणि तिच्या आत पाणी साठलेलं होतं. गठ्ठा भट्टीत पडला आणि नळी फुटली. वितळलेलं लोखंड उसळून रामकृष्णाच्या मानेवर, छातीवर, दोन्ही हातांवर आलं. शेजारी दयाराम साहू काम करत होता. त्याने धावत जाऊन जळता शर्ट उघड्या हातांनी फाडून काढला आणि त्याला फरफटत नळाखाली नेलं. शर्टाच्या खिशात कारखान्याचा गेटपास होता. तो शर्टाबरोबरच गेला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी इंदूला सांगितलं, पंचेचाळीस टक्के. तिला वाटलं शंभरातले पंचेचाळीस म्हणजे अर्ध्याहून कमी, म्हणजे वाचेल. तिने तसं विचारलंही. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

तिसऱ्या दिवशी, ज्याने रामकृष्णाला कामावर लावलं होतं त्या ठेकेदाराचा मुनशी आला. हातात आठ हजार रुपये आणि एक टाईप केलेला कागद.

"भाभी, इंजेक्शन के लिए है. यहाँ दस्तखत कर दो, हिसाब के लिए."

इंदूला हिंदी वाचता येत होतं. पण त्याच वेळी आतून नर्स ओरडत होती की बाटली संपली, बाहेरून आणा. आतल्या खोलीतून रामकृष्णाचा आवाज येत होता, पट्ट्या बदलत होते. तिने भिंतीवर कागद धरला, सही केली आणि पैसे घेऊन औषधाच्या दुकानाकडे पळाली.

अकरा आठवड्यांनी तो घरी आला. हनुवटी छातीकडे ओढली गेली होती, मान वर होत नव्हती. उजव्या हाताची चार बोटं एकमेकांना चिकटली होती, डाव्या हाताला मूठ वळत नव्हती. मांडीची कातडी काढून छातीवर लावली होती. त्या कातडीला घाम येत नाही, हे त्यांना घरी आल्यावर कळलं. मे महिना, वर टिनाचं छप्पर. दुपारी तो आतल्या आत उकळत असे. इंदू चादर भिजवून त्याच्यावर टाकायची, अर्ध्या तासात ती कोरडी. गंधालीला उन्हाळ्याची सुट्टी होती, ती त्याला भरवायची. पहिले काही दिवस तो तोंड फिरवायचा.

"बाबा, खा लो न," ती म्हणायची. घरात मराठी कानावर पडायची, पण ती उत्तर हिंदीतच द्यायची.

"तू जेवली का?"

"हाँ. आप खाओ."

मग तो खायचा.

इंदू कंपनीच्या शंकर नगरच्या ऑफिसात चार वेळा गेली. काचेचं दार, थंडगार खोली. तिथल्या साहेबाने रजिस्टर उघडून तिच्यासमोर ठेवलं. "यह नाम हमारे यहाँ है ही नहीं. ठेकेदार से पूछिए." ठेकेदार म्हणाला, माझा माणूस होता, पण त्या दिवशी कामावर नव्हता. तिने विचारलं, मग भट्टीजवळ काहून गेला असता तो? ठेकेदार म्हणाला, "वह तो आपने ही लिखकर दिया है."

त्या कागदात काय होतं ते तिला तिथे कळलं. माझे पती त्या दिवशी सुट्टीवर होते, ओळखीच्या माणसाला भेटायला कारखान्यात गेले, स्वतःच्या चुकीने भाजले, माणुसकी म्हणून मिळालेले आठ हजार आम्ही घेतले, आता आमचं काही मागणं नाही. खाली तिची सही.

ही गोष्ट तिने रामकृष्णाला दोन दिवस सांगितली नाही. तिसऱ्या दिवशी सांगितली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"मी वाचलं नाही," ती म्हणाली. "मले वाचता येत होतं अन् मी वाचलं नाही."

"तेव्हा तू वाचत बसली असती, तर मी मेलो असतो," तो म्हणाला.

शहरातल्या बूढ़ापारा मोहल्ल्यात दिवाकरराव नावाचे वकील होते, भोसल्यांच्या काळापासून रायपुरात असलेल्या घराण्यातले. कुणीतरी सांगितलं की ते मजुरांची प्रकरणं घेतात आणि आधी पैसे मागत नाहीत. इंदू रामकृष्णाला रिक्षात घालून तिथे घेऊन गेली. वकिलांनी सगळं ऐकलं, पुन्हा विचारलं, लिहून घेतलं.

"वहिनी, त्या कागदाने हक्क बुडत नाही. कायदा असली कबुली मानत नाही. पण हे सुट्टीवर होते असं त्यात लिहिलं आहे, ते नडेल. कामावर होते हे आपल्याला दाखवावं लागेल. हजेरीची चिठ्ठी, पगाराची पावती, काही आहे?"

"पगार हातात देत होते."

"मग माणूस पाहिजे. अपघात डोळ्यांनी पाहिलेला."

वकालतनाम्यावर रामकृष्णाला पेन धरता येईना. वकिलांनी शाईची गादी पुढे केली. अंगठा टेकवला, तर कागदावर नुसता काळा डाग उमटला, एकही रेघ नाही. वकिलांनी शेजारी लिहिलं की अंगठ्याची कातडी जळालेली आहे, आणि खाली आपली सही केली.

साक्ष द्यायला तयार होईल असा माणूस एकच होता. इंदू दयारामच्या घरी गेली, दोन गल्ल्या सोडून. त्याची बायको शांता दारातच तांदूळ निवडत बसली होती, ती उठून आत गेली. दयारामच्या दोन्ही तळहातांवर गुलाबी चट्टे होते, गुळगुळीत, चकाकणारे. त्याने ते मांडीखाली सरकवले.

"भैया, तुम्ही फक्त जे पाहिलं ते सांगा," इंदू म्हणाली.

"हव दीदी," तो म्हणाला. "बोलूंगा. क्यों नहीं बोलूंगा."

कामगार न्यायालयात प्रकरण अडीच वर्षं चाललं. कधी न्यायाधीश सुट्टीवर, कधी कंपनीचा वकील आजारी, कधी नुसतीच पुढची तारीख. प्रत्येक तारखेला रामकृष्ण यायचाच. घरी राहा म्हटलं तरी ऐकायचा नाही. मान खाली, अंगावर सैल सुती कुडता, गळ्याभोवती ओला गमछा. बाकावर त्याच्या शेजारची जागा बहुधा रिकामी राहायची.

आधी इंदूची साक्ष झाली. कंपनीच्या वकिलाने तो कागद तिच्यासमोर धरला.

"यह दस्तखत आपके हैं?"

ती दिवाकररावांकडे बघू लागली.

"उधर नहीं, इधर देखिए. आपके हैं?"

"जी."

"आपको हिंदी पढ़ना आता है?"

"आता है, पण त्या दिवशी..."

"बस. हाँ या ना में बताइए."

"हाँ."

बाहेर आल्यावर ती दिवाकररावांना म्हणाली, "नाही म्हणाले असते तर?"

"तर खोटं ठरलं असतं. तुम्ही बरोबर बोललात," ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

पुढच्या तारखेला दयाराम आला तो ठेकेदाराच्या जीपमधून. नवा शर्ट होता अंगात. इंदूकडे त्याने पाहिलं नाही. शपथ घेतली आणि म्हणाला की त्या दिवशी तो रात्रपाळीला होता, अपघात त्याने पाहिला नाही, लोकांकडून ऐकलं.

दिवाकरराव उठले.

"दयाराम, दोनों हाथ आगे करो."

दयारामने हात पुढे केले. न्यायाधीश चष्मा सावरून थोडे वाकले.

"यह कैसे जला?"

"घर में, साहब. भात का पसिया गिर गया था."

"दोनों हथेलियों पर? भात की पेज हथेलियों पर गिरती है? उल्टे हाथ पर एक बूँद नहीं?"

दयारामचे हात तसेच पुढे होते. दिवाकरराव एक पाऊल पुढे आले.

"तुम्हारे कितने बच्चे हैं? उनकी कसम खाकर..."

"वकील साहेब."

मागच्या बाकावरून रामकृष्ण उठून उभा राहिला होता. मान वर होत नसल्यामुळे तो जमिनीशी बोलतो आहे असं वाटत होतं.

"राहू द्या. त्याले नका विचारू आता."

"ठवकर, खाली बसा."

"त्याच्यामुळं मी जिता आहो, साहेब. त्याचे हात नका दाखवू सगळ्याइले."

न्यायाधीशांनी मध्ये बोलू नका अशी ताकीद दिली. पण दिवाकरराव कागद गोळा करून बसले. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. दयाराम खाली उतरला आणि तसाच जीपकडे गेला.

त्या दिवशी घरी आल्यावर इंदू तशीच चुलीपाशी गेली. चूल पेटवताना म्हणाली, "तुम्ही त्याचा विचार केला. आमचा कोण करणार?"

गंधाली पुस्तक घेऊन बसली होती. तिने ते मिटलं आणि पाणी भरायला निघून गेली.

दोन महिन्यांनी निकाल लागला. अर्जदार भाजला हे खरं आहे, त्याचे हात कायमचे निकामी झाले हेही वैद्यकीय दाखल्यावरून सिद्ध होतं. मात्र तो घटनेच्या वेळी कामावर होता हे अर्जदार सिद्ध करू शकला नाही. अर्ज फेटाळण्यात येतो. दिवाकररावांनी ती सहा पानं इंदूला वाचून दाखवली. हात निकामी झाल्याचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, जणू त्यातून काही निघेल.

बिलासपूरच्या हायकोर्टात अपील दाखल झालं. नंबर मिळाला, तारीख मिळाली नाही. इंदू सकाळी दोन घरी स्वयंपाक करू लागली, दुपारी पापड लाटू लागली. मान मोकळी करायच्या ऑपरेशनला डॉक्टरांनी अजून उशीर करू नका म्हटलं होतं. पैशांअभावी ते तसंच राहिलं.

मग एका रविवारी सकाळी दयाराम दारात येऊन उभा राहिला. चार वर्षांत पहिल्यांदा. ठेकेदाराने त्याला काढलं होतं. दुसऱ्या ठेकेदाराची माणसं आली, जुन्यांना सांगितलं उद्यापासून येऊ नका. एवढं सांगून तो उंबऱ्याबाहेरच बसला.

"भैया, अब मैं बोलूंगा," तो म्हणाला. "जहाँ बोलोगे वहाँ चलूंगा. सब सच बोलूंगा."

इंदूला त्याला हाकलून द्यावंसं वाटलं. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात रामकृष्ण आतून म्हणाला, "इंदू, त्याले पाणी दे." तिने पाणी दिलं. पेला ठेवताना पाणी थोडं सांडलं.

दुसऱ्या दिवशी तिघं बूढ़ापाऱ्याला गेले. दिवाकररावांनी दयारामचं सगळं ऐकून घेतलं. तेही आता थकले होते, श्वास लागत होता. त्यांनी समोरच्या फायलीवर हात ठेवला.

"हायकोर्टात या अपिलात फक्त कायद्याचा मुद्दा चालतो," ते म्हणाले. "नवी साक्ष सहसा घेत नाहीत. अन् घेतली तरी, एकदा शपथेवर मी तिथे नव्हतो म्हणालेला माणूस आता होतो म्हणतो आहे, नोकरी गेल्यावर. समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल."

"पण हे खरं आहे," इंदू म्हणाली.

"खरं आहे, वहिनी. माहीत आहे मला. मी प्रतिज्ञापत्र करून जोडतो. पण आशा ठेवू नका."

दयाराम त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्याला मराठी थोडीच कळायची, पण एवढं कळलं. "तब काहे आया मैं," तो हळूच म्हणाला.

तिघं बाहेर आले. तळ्याकडच्या रस्त्यावर स्कूटरची गर्दी होती. ऊन वाढायच्या आत घरी पोचायला हवं होतं, पण टेम्पो येईना. एका दुकानाच्या सावलीत रामकृष्ण पायरीवर बसला, इंदूने गमछा भिजवून त्याच्या मानेवर ठेवला. दयाराम दोन हात अंतरावर उभा होता. रामकृष्ण कमरेतून सगळं अंग वळवून त्याच्याकडे वळला. नुसती मान वळत नव्हती.

"मले त्या दिवशीचं काही आठवत नाही," तो म्हणाला. मग हिंदीत म्हणाला, "नल तक तू मुझे ले गया. तब मैं कुछ बोल रहा था क्या?"

दयाराम उकिडवा बसला.

"बोल रहे थे. बहुत जोर से. गीला माल है, लाइन काटो, बोल रहे थे. पीछे वाले लड़कों को हटाओ, बोल रहे थे. मैंने कहा चुप रहो, तो भी बोलते रहे. मिस्त्री ने सुना, तब भट्टी बंद की. पीछे पाँच आदमी थे."

"और कुछ?"

"नहीं. फिर बेहोश हो गए."

इंदू ऐकत होती. सुट्टीवर असलेला माणूस, ओळखीच्याला भेटायला आलेला माणूस असं ओरडला नसता, हे तिला कळत होतं. कुणालाही कळलं असतं. तिने वळून वकिलांच्या घराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. परत जाऊन हे सांगावं असं तिला वाटलं, दोन पावलं ती गेलीही. मग आशा ठेवू नका हे त्यांचं बोलणं आठवून ती थांबली.

टेम्पो आला. दयारामने रामकृष्णाला कमरेला धरून वर चढवलं आणि स्वतः मागच्या फळीवर उभा राहिला.